सोमवारी जड होणारी भाकरी

हे लिहू का नको करत तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं. एक तर मल्लेश माझा दोस्त. दुसरं म्हणजे त्याच्या आईच्या हातची भाकरी मी आठवड्यातनं दोनदा खातो, आणि हे वाचून ती बंद झाली तर माझे हाल कुत्रं खाणार नाही. पण परवा मल्लेशच म्हणाला, "लिही बे. नाव मात्र बदलू नको. बदललं तरी लोकं ओळखणारच. मग उगंच अजून एका नावाची बदनामी!"

तर लिहितो. मी स्वतः तिथं नव्हतो. पण तिघांकडनं वेगवेगळं ऐकलंय, आणि तिघांचंही जुळतंय, म्हणजे खरं असणार.

मल्लेश टॉवेलच्या कारखान्यात डिझाईनचा कॉम्प्युटर चालवतो. टॉवेलवर मोर पाहिजे, मोर काढतो. कमळ पाहिजे, कमळ. शिक्षण बारावी, पुढचं सगळं मोबाईलवर व्हिडिओ बघून. त्याचा स्वतःचा लॅपटॉप इतका म्हातारा आहे की साधं चित्र उघडलं तरी त्याचा पंखा घरघरतो आणि शेजारचे विचारतात, "कसली चटणी वाटायलाय?" म्हणून पठ्ठ्या सगळं काळ्या पडद्यावर टाईप करून करायला शिकला. चित्र नाही, बटण नाही. काळा पडदा, पांढरी अक्षरं. हुकूम लिहायचा, एंटर मारायचं. कमांड लाईन म्हणतात त्याला. बघणाऱ्याला वाटतं हा बँक लुटायलाय. हा असतो बेरीज करत!

मल्लेशच्या घरी वरच्या खोलीत अंकिता भाड्यानं राहायची. कुर्डुवाडीची पोरगी, वडील रेल्वेत. सोलापुरात एम.एस्सी. करत होती, फूड टेक्नॉलॉजी. प्रोजेक्टचा विषय काय, तर कडक भाकरी! आता सोलापूरकराला कडक भाकरी समजावून सांगणं म्हणजे माशाला पाणी समजावणं. बाहेरच्यांसाठी सांगतो: ज्वारीची पातळ भाकरी तव्यावर दाबून दाबून वाळवायची. पापडासारखी होते. महिना-महिना टिकते. मोडली की तिसऱ्या घरात आवाज जातो. अंकिताला शोधायचं होतं की तिच्यातलं पाणी किती वेगानं उडतं आणि कधी उडायचं थांबतं. त्यासाठी भाकरीचं रोज वजन करायचं, आकडे मांडायचे आणि त्या आकड्यांवर एक रेष बसवायची. रेष नीट बसली की वेग कळतो. प्रोजेक्ट पास म्हणजे डिग्री. डिग्री म्हणजे पुण्याची नोकरी. नोकरीचं पत्र आलेलं होतं, एक तारखेला हजर व्हायचं होतं. नापास झाली तर नोकरी दुसऱ्या कुणाला तरी!

आणि आमचा मल्लेश तिला जिन्यात म्हणाला, "ग्राफ? हातचा मळ हाय माझ्या! आकडे मिळू दे फक्त. रेष अशी बसवतो की परीक्षक उठून उभे राहतील!"

परीक्षक खरंच उठून उभे राहिले. पण ते नंतर.

भाकरी मल्लेशच्याच घरच्या वापरायच्या ठरल्या. कारण महादेवीकाकू, म्हणजे मल्लेशची आई, वीस वर्षं कडक भाकरीच विकतात. सोमवारी सकाळी सिद्धेश्वराला हात जोडायचे आणि नवीन घाणा सुरू करायचा, हा नेम. आणि हात कसला! एक भाकरी दुसरीवर ठेवली तर कडा जुळतात, जशी टांकसाळीतली नाणी. काकूंचा एकच कायदा: मापात पाप नाही. गिऱ्हाईक "कमी भरलं" म्हणालं तर त्या वाद घालत नाहीत. माल बदलून देतात. वर एक भाकरी जास्त देतात, आणि मग दोन दिवस जेवत नाहीत.

अंकिताचा दिवस कॉलेजच्या लॅबमध्ये जायचा, घरी यायला आठ वाजायचे. म्हणून वजनाचं काम मल्लेशनं अंगावर घेतलं. एका सोमवारी काकूंच्या ताज्या घाण्यातल्या तीन भाकरी निवडल्या. फडताळातल्या वरच्या फळीवर तीन ताटल्या, त्यांना खडूनं एक, दोन, तीन नंबर. अंकितानं बजावलं, "हात लावायचा नाय. चिमट्यानं उचलायचं. रोज सहाला. अठ्ठावीस दिवस."

"तू निवांत राहा," मल्लेश म्हणाला.

झालं सुरू. रोज संध्याकाळी सहाला मल्लेश कारखान्यातनं यायचा, हातपाय धुवायचा, सोनाराकडं असतो तसला छोटा काटा मांडायचा आणि चिमट्यानं भाकरी अशी उचलायचा, जशी ती दवाखान्यात भरती आहे. चेहरा एकदम गंभीर. शास्त्रज्ञ गंभीर असतात असं त्यानं व्हिडिओत बघितलेलं.

"एक नंबर... कमी." वहीत लिहायचा. "दोन नंबर... ही पण कमी. तीन... छ्या, हिचं तर लईच कमी."

चुलीपाशी काकूंचा हात थांबायचा.

"येनातो, मल्लू? काय झालं?"

"काय नाय अव्वा. कमी भरायलंय."

"किती?"

"कालच्यापेक्षा दीड ग्रॅम."

 दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा. रविवारपर्यंत चौसष्ट ग्रॅमची भाकरी सत्तावन्नवर आली, आणि मल्लेशनं वही मिटताना जो सुस्कारा सोडला, तो फक्त दिवसभराच्या दमणुकीचा होता. खरंच. पण सुस्कारा तो सुस्कारा.

सोमवारी संध्याकाळी काट्यावर भाकरी ठेवली आणि मल्लेशचे डोळे पांढरे झाले. चौसष्ट!

काटा बिघडला म्हणून त्यानं पाच रुपयांचं नाणं ठेवून बघितलं. नाणं बरोबर. सेल बदलले. चौसष्ट. दोन नंबर, चौसष्ट. तीन नंबर, चौसष्टला चार पैसे जास्तच!

"अव्वा! वाढलं की!"

"वाढलं न्हवं?" काकूंचा चेहरा असा उजळला, जसा लाईट गेलेल्या घरात लाईट आलाय. "बरं झालं बाई."

त्या रात्री मल्लेशच्या ताटात तूप दुप्पट पडलं. त्याला वाटलं, अव्वाला पण विज्ञानाची गोडी लागली!

पुढच्या सहा दिवसांत वजन पुन्हा उतरलं. सोमवारी पुन्हा चढलं. मग पुन्हा उतरलं. पुन्हा सोमवार, पुन्हा चढलं. मल्लेशनं सगळं इमानदारीत लिहिलं. अंकिता प्रबंधाची पानं टाईप करण्यात बुडालेली. ती विचारायची, "आकडे येतायत ना?" हा म्हणायचा, "येतायत की." खोटं काहीच नव्हतं त्यात.

अठ्ठावीस दिवस भरले. तोंडी परीक्षा शनिवारी. बुधवारी दुपारी सुट्टी टाकून मल्लेशनं लॅपटॉप उघडला, बोटं मोडली आणि काळ्या पडद्यावर हुकूम सोडला: ह्या आकड्यांवर उतरती रेष बसव.

आता हे सॉफ्टवेअर म्हणजे लग्न जमवणाऱ्या मामांसारखं असतं. नुसतं "बायको शोधा" म्हटलं तर शोधत नाही. अंदाज द्यावा लागतो: उंची अमुक, शिक्षण तमुक. मग ते आजूबाजूला फिरून जमतंय का बघतं. अंदाज चुकला की घर सोडून निघून जातं. मल्लेशनं पहिला अंदाज दिला. पडद्यावर लाल अक्षरं.

"काय म्हणतंय ते?" काकूंनी विचारलं.

"म्हणतंय, मला काय सुचंना."

दुसरा अंदाज. ह्या वेळेला रेष आली. पण कशी? आकडे वर-खाली नाचतायत आणि रेष मधून सरळ चाललीय, जशी गड्ड्याच्या जत्रेतनं कुणाकडं न बघता म्हातारी चाललीय. कुठल्या आकड्याशी तिचा संबंध नाही!

 शनिवार तीन दिवसांवर, आणि पोरीला शब्द दिलेला.

तो विचार करायला लागला. हवा? हवेत ओल आली असेल. ओल कधी येते? नळाला पाणी आलं की घरात सगळी भांडी, पिंपं, बादल्या भरतात, तेव्हा! तो उठून कॅलेंडरकडं धावला. पण आमच्याकडं पाणी येतं पाच दिवसांनी, आणि भाकरी फुगती सात दिवसांनी. तेही जुळंना.

मग त्याला सुचलं. उतरती रेष बसत नाही ना? मग लाट बसव! वर-खाली, वर-खाली. लाटेचा हुकूम सोडला. थोडी बसली. अजून एक लाट जोडली. अजून बरी बसली. तिसरी जोडली, चौथी जोडली. पाचव्या लाटेला रेष आकड्यांना अशी चिकटली की टाचणी जायला जागा नाही! आणि खाली सॉफ्टवेअरनं लिहिलं: लाट परत यायला लागणारा काळ, सात पूर्णांक शून्य शून्य दिवस.

मल्लेश खुर्चीवरनं उडाला. लॅबमध्ये फोन लावला.

"अंकिता! भाकरीला नाडी हाय!"

"काय हाय?"

"नाडी! दर सात दिवसांनी भाकरी श्वास घेती! सोमवारी पाणी ओढती, आठवडाभर सोडती!"

 "पाणी ओढती कुटनं, मल्लेश?"

"ते पुढचं विज्ञान शोधंल. रेष तर बघ!"

अंकिताला पटलं नव्हतं. हे ती अजून सांगते, आणि दर वेळी जरा मोठ्यानं सांगते. पण नवीन आकडे घ्यायला अठ्ठावीस दिवस लागतात आणि हातात होते तीन. तिनं ग्राफ तिच्या गाईडना दाखवला, शिवानंद सरांना. सर आधी चष्मा लावून बघत बसले. मग चष्मा काढून.

"सात?"

"सात पूर्णांक शून्य शून्य, सर."

"निसर्ग इतका वक्तशीर नसतो गं."

एवढं बोलून सर थांबले असते तर बरं झालं असतं. पण बघता बघता त्यांनाही ती रेष आवडायला लागली. सुंदर रेषेचं हेच असतं, माणूस विचारायचं विसरतो. शुक्रवारी सरांनी शीर्षकच बदललं: 'कडक भाकरीचे साप्ताहिक आर्द्रता-चक्र'. विभागात बातमी गेली. कुणीतरी म्हणालं, परदेशात पाठवू. मल्लेशनं नवीन शर्ट इस्त्रीला टाकला.

शनिवार. अकरा वाजता. वर्गात शिवानंद सर, बाहेरगावच्या परीक्षक बाई, अंकिता, आणि लॅपटॉप चालवायला मल्लेश. बाई साठीच्या, बारीक, चष्म्याच्या वरनं बघणाऱ्या. आणि दाराशी खुर्चीवर महादेवीकाकू! पोरीची परीक्षा, रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून भाकरीचा डबा आणि शेंगाचटणी घेऊन रिक्षानं आल्या होत्या.

अंकितानं चांगलं मांडलं. आवाज थोडा कापत होता, पण मांडलं. शेवटी मल्लेशनं हुकूम टाईप केला, एंटर मारलं आणि भिंतीवर ती लाट उमटली. शिवानंद सर खुर्चीत जरा पुढं सरकले.

परीक्षक बाईंनी भिंतीवरच्या लाटेकडं बोट केलं.

"वजन दर सोमवारी सात ग्रॅमनं वाढतं?"

"हो मॅडम."

"तिन्ही भाकरींचं? एकाच दिवशी?"

"हो मॅडम."

"म्हणजे सात ग्रॅम पाणी आलं. कुठनं आलं?"

अंकितानं सरांकडं बघितलं. सरांनी छताकडं बघितलं. मग सगळ्यांनी मल्लेशकडं बघितलं. त्याच्या नवीन शर्टाची पाठ भिजली.

"मॅडम, ते... वातावरणाचा दाब... म्हणजे सोमवारी जरा..."

"सोमवारी दाब?"

"सोलापुरात, मॅडम."

"मिस अंकिता," बाईंनी पेन उघडलं, "ज्याचं कारण सांगता येत नाही ते मी पास कसं करू?"

अंकिताच्या डोळ्यांत पाणी तरारलं. तेवढ्यात दारातनं आवाज आला.

"मी सांगू का बाई? मी बदलते की."

बाई दाराकडं वळल्या.

"काय बदलता?"

"भाकरी!" काकू उभ्या राहिल्या. पदर सारखा केला. "दर सोमवारी. नवीन घाणा झाला की जुन्या तीन काढायच्या, ताज्या तीन ठेवायच्या. पोरगं रोज काटा लावायचं आणि कमी भरलं, कमी भरलं म्हणून तोंड पाडून बसायचं. माझ्या हातची भाकरी, बाई! वीस वर्षांत कुणी दुसऱ्यांदा कमी भरलं म्हणालं नाय, आणि पोटचा पोरगा वहीत लिहून ठेवायलाय! बदलायला नको?"

परीक्षक बाई उठून उभ्या राहिल्या.

"अव्वा!" मल्लेश ओरडला. "अगं कमीच व्हायला पाहिजे होतं!"

"कमी?" काकूंना कळेना. "कमी कशाला पाहिजे? कुठल्या गिऱ्हाईकाला कमी पाहिजे असतंय?"

"आणि जुन्या भाकरी?" बाईंनी विचारलं. "त्या ठेवल्यात? निदान त्यांचं वजन तरी करता येईल."

"नऊ निघाल्या. टाकते कशाला बाई मी? मंगळवारी सकाळी ह्याच्या चहात चुरल्या."

मल्लेशनं डोकं लॅपटॉपवर टेकवलं. तीन आठवडे तो रोज संध्याकाळी भाकरीच्या नाडीवर बोट ठेवत होता, आणि दर मंगळवारी सकाळी चमच्यानं तीच नाडी खात होता!

काकूंना तेव्हा कुठं पोरीचे डोळे दिसले. त्यांचा चेहरा उतरला. "मी काय बिघडवलं का गं पोरी?" असं अगदी बारीक आवाजात विचारलं. अंकिता गेली आणि त्यांचा हात धरला. "नाय काकू," म्हणाली. मग तशीच उभी राहिली, हात धरून, भिंतीकडं बघत. डोळे पुसायचे विसरली.

"मल्लेश. लाटा काढ."

"हां?"

"सगळ्या लाटा काढून टाक. काकू, सोमवारी सकाळीच बदलायचा ना? दर वेळी? आणि ताज्या घाण्यातल्याच?"

"ताज्याच की. शिळी कशी ठेवीन?"

"मॅडम," अंकिता परीक्षकांकडं वळली. आता आवाज कापत नव्हता. "मग हा एक प्रयोग नाही. पहिल्या सात दिवसांचा प्रयोग आहे, चार वेळा केलेला. तीन भाकरींवर नाही, बारा भाकरींवर!"

 बाई परत बसल्या.

"दिवसाला सातानं भाग," अंकिता मल्लेशच्या खांद्यावरनं म्हणाली, "आणि बाकी घे. चारही सोमवार एकावर एक."

 मल्लेशचा हुकूम दोनदा चुकला. तिसऱ्यांदा एंटर मारलं. अठ्ठावीस दिवसांचे आकडे सात दिवसांत गोळा झाले. सोमवारावर सोमवार, मंगळवारावर मंगळवार, आणि त्यांच्यावर एकच साधी उतरती रेष. पहिल्याच अंदाजाला बसली. लाल अक्षरं नाहीत, काही नाही.

शिवानंद सर पुटपुटले, "बारा वेगवेगळ्या भाकरी आहेत ह्या?"

बाईंनी जवळ जाऊन भिंतीवर बोट टेकवलं. सोमवारचे बारा ठिपके एका टिकलीएवढ्या जागेत मावले होते.

"इतका सारखा माल मशीन पण काढत नाही," त्या म्हणाल्या. मग काकूंकडं वळल्या. "तुम्ही थापता? हातानं?"

"आणि कशानं थापतात?" काकूंनी विचारलं.

पास झाली! शीर्षक मात्र खोडलं. 'साप्ताहिक आर्द्रता-चक्र' जाऊन 'पहिल्या सात दिवसांतील वाळण्याचा वेग' आलं. अट एकच: भाकरी न बदलता सलग तीस दिवसांचं काम नव्यानं करून शेवटच्या प्रतीला जोडायचं. त्याला मुदत दिली दीड महिन्याची. चहाबरोबर बाईंनी चार भाकरी खाल्ल्या. काकूंनी पाचवी पुढं केली आणि विचारलं, "वजनाला बरी हाय न्हवं?"

तीस तारखेला मल्लेश अंकिताला सोलापूर स्टेशनवर सोडायला गेला. तिची बॅग, तिची बादली, आणि काकूंनी दिलेला भाकरीचा गठ्ठा एवढा की हमाल म्हणाला, दुकान टाकायलायसा का पुण्यात? नवीन तीन भाकरी सोमवारपासनं फळीवर बसायच्या होत्या, आणि वजन करणारा पुन्हा हाच. ह्या वेळी वरच्या खोलीत विचारायला अंकिता नव्हती. तिची शेवटची प्रत आता सगळी ह्याच्या चिमट्यावर.

गाडी लागली. अंकिता खिडकीत बसली.

"काकूंना सांगितलंयस ना सगळं?"

"तीनदा. तिला पटलंय. म्हणजे हो म्हणती."

"हो म्हणती?"

"आज सकाळी विचारत होती, की कमीच पाहिजे असंल तर आधीच बारीक थापू का."

"मल्लेश!"

"नाय, नाय! थांबवलं मी!"

"फळीला कुलूप लाव."

"लावतो. पण घरातल्या प्रत्येक कुलपाची दुसरी किल्ली तिच्या कमरेला असती."

अंकितानं कपाळाला हात लावला. "तिला राग भाकरीचा नाय रे येत. तुझं तोंड बघवत नाय तिला. तू काट्यापुढं सुतक आल्यासारखा बसतोस."

गाडी हलली. मल्लेश खिडकीचा गज धरून चालायला लागला, मग पळायला.

"ऐक! शब्द देतो तुला! तीसच्या तीस दिवस, कमी भरलं की हसणार! अव्वाला दिसंल असं हसणार!"

"आणि वाढलं तर?"

"वाढलं तर रडणार!" प्लॅटफॉर्म संपत आला होता, तो धापा टाकत ओरडला, "आणि शेवटच्या दिवशी सगळ्यात कमी भरलं ना, अंकिता, तर गल्लीत पेढे वाटणार!"